एकाची दोन, दोनाची तीन: शुगरच्या गोळ्या वाढतात तेव्हा

मागच्या अंकात डायबिटीसवर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर पत्रं आली, मेसेज आले, काहींनी औषधाच्या स्ट्रिपचे फोटोच पाठवले आणि एका मुलीने वडिलांची गेल्या तीन वर्षांची अख्खी फाईल स्कॅन करून पाठवली. सगळ्यांची काळजी फिरून फिरून एकाच जागी येते, ती म्हणजे आधी एक गोळी होती, आता दोन झाल्या, तीन झाल्या, हे कुठवर जाणार? म्हणून यावेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलंय. आपल्या गोव्यात हा विषय घराघरातला आहे. आयसीएमआरचा देशभराचा जो मोठा सर्व्हे २०२३ मध्ये छापून आला त्यात डायबिटीसचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के, म्हणजे मोठ्या माणसांत दर चौघांत एक. पत्र पाठवणाऱ्यांची नावं दिलेली नाहीत, फक्त गाव दिलंय.

प्रश्न (फोंडा): माझे मिस्टर ५२ वर्षांचे, शुगर होऊन सात वर्षं झाली. मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ एवढंच चालू होतं. गेल्या महिन्यात एचबीएवनसी ९.२ आली आणि डॉक्टरांनी मेटफॉर्मिन वाढवून शिवाय दोन नवीन गोळ्या दिल्या. सासूबाई म्हणतात एवढ्या गोळ्यांनी किडनी जाईल. हे म्हणतात मी रात्रीचा भात सोडतो पण गोळ्या वाढवणार नाही. मी कुणाचं ऐकू?

उत्तर: वहिनी, यावेळी डॉक्टरांचं ऐका, आणि का ते जरा सविस्तर सांगते कारण तुमच्यासारखी निदान निम्मी पत्रं माझ्यासमोर पडलीयत.

आधी ९.२ म्हणजे काय ते बघा. गेल्या तीनेक महिन्यांत रक्तातली साखर सरासरी २१५-२२० च्या आसपास राहिली, दिवसा-रात्री, झोपेत पण. लॅबमध्ये एक दिवस उपाशी जाऊन फास्टिंग १४० आली म्हणून समाधान मानण्यासारखं यात काही नाही. बहुतेकांसाठी आपलं टार्गेट ७ च्या खाली असतं, म्हणजे मिस्टरांना साधारण २.२ ने खाली यायचंय. आता शुगरची कुठलीही एक गोळी एचबीएवनसी ढोबळमानाने अर्ध्या ते एका टक्क्याने उतरवते, मेटफॉर्मिन जरा जास्त, पण ते तर आधीच चालू आहे. हिशोब तुम्हीच मांडा, एकाच गोळीने २.२ कसं उतरणार?

बरं मग तीच गोळी दुप्पट का नाही करायची, असं पुष्कळ जण विचारतात. कारण डोस दुप्पट केला म्हणून गुण दुप्पट येत नाही. मेटफॉर्मिन काय किंवा ग्लिमेपिराइड काय, जास्तीत जास्त डोसच्या निम्म्यावरच त्यांचं बरंचसं काम होऊन गेलेलं असतं, त्यापुढे गुण थोडा थोडा वाढतो आणि त्रास मात्र जास्त वाढतो, पोट बिघडतं किंवा शुगर खाली जाते. म्हणून मेटफॉर्मिन पुरेशा डोसपर्यंत न्यायचं आणि सोबत वेगळ्या वाटेने काम करणारं दुसरं औषध जोडायचं, हे शहाणपणाचं असतं.

वेगळ्या वाटा म्हणजे काय ते सांगते. टाइप टू डायबिटीस म्हणजे नुसतं स्वादुपिंड थकलं असं नसतं. लिव्हर रात्रभर नको तेवढी साखर रक्तात सोडत राहतं, स्नायू साखर आत घेत नाहीत, चरबी भलतीकडे जाते, आतड्यातून निघणारे हार्मोन कमी पडतात, किडनी साखर बाहेर टाकायच्या ऐवजी परत ओढून घेते, मेंदूला पोट भरल्याचं नीट कळत नाही, ग्लुकॅगॉन नावाचं, इन्सुलिनच्या उलट काम करणारं हार्मोन वाढतं आणि इन्सुलिन कमी पडतं. अमेरिकेतले डायबिटीसतज्ज्ञ डॉ. डिफ्रॉन्झो यांनी २००८ च्या भाषणात हे आठ बिघाड एकत्र मांडले, आणि तेव्हापासून आम्ही डॉक्टर लोक शुगरकडे तसंच बघतो. जून महिन्यात कौलारू घर आठ ठिकाणी गळत असेल तर एकाच ठिकाणी बालदी ठेवून भागत नाही. मेटफॉर्मिन मुख्यतः लिव्हरला आवरतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन हे आतड्याच्या हार्मोनला लवकर मोडू देत नाहीत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढतात. पायोग्लिटाझोन स्नायू आणि चरबीला इन्सुलिनचं ऐकायला लावतं, पण अंगावर सूज आणतं आणि हार्ट फेल्युअर असलेल्याला चालत नाही. वोग्लिबोज आणि अकार्बोज जेवणातला स्टार्च लवकर पचू देत नाहीत.

आणि यात मिस्टरांचा दोष काढू नका. इंग्लंडमध्ये १९७७ पासून वीस वर्षं चाललेला यूकेपीडीएस नावाचा अभ्यास आहे, त्यात दिसलं की शुगर सापडते त्या दिवशीच इन्सुलिन बनवायची ताकद साधारण निम्म्यावर आलेली असते आणि मग ती वर्षागणिक उतरतच जाते. त्यातल्या पेशंटांपैकी तीन वर्षांनी निम्म्यांना आणि नऊ वर्षांनी तीन चतुर्थांश लोकांना एका औषधावर शुगर आवरेना. तुमच्या मिस्टरांना सात वर्षं झालीयत, म्हणजे दुसरी गोळी उलट उशिराच आली म्हणायची. मला खरा राग येतो तो याचाच, की ८ आली तरी बघू, साडेआठ आली तरी पुढच्या तीन महिन्यांनी बघू, गणेश चतुर्थी होऊ दे, दिवाळी होऊ दे, असं करत करत चार वर्षं जातात आणि मधल्या काळात डोळ्यांच्या मागच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडत राहतात ज्याची खबर पेशंटला नसते. २०१९ मध्ये व्हेरिफाय नावाचा अभ्यास आला, ३४ देशांतले दोन हजारच्या आसपास नवे पेशंट, निम्म्यांना पहिल्यापासून मेटफॉर्मिन आणि विल्डाग्लिप्टिन एकत्र दिलं, निम्म्यांना आधी एकटं मेटफॉर्मिन. एकट्या मेटफॉर्मिनवरच्या निम्म्या लोकांची शुगर ३६ महिन्यांत हाताबाहेर गेली, दोन्ही औषधांवर असलेल्यांना तिथे पोचायला साधारण ६२ महिने लागले. मिस्टर नवे पेशंट नाहीत, पण मुद्दा तोच आहे, थांबून फायदा होत नाही.

आता सासूबाईंची किडनी. त्यांची भीती खोटी नाही, गावात डायलिसिसला जाणारी माणसं त्यांनी बघितली असणार आणि त्यातल्या बहुतेकांच्या हातात गोळ्यांची पिशवी पण बघितली असणार. पण किडनी बिघडते ती वर्षानुवर्षं चढलेल्या शुगरने आणि बीपीने. मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही, उलट आहे, किडनी आधीच खूप कमजोर झाली असेल तर मेटफॉर्मिन अंगात साठतं म्हणून ते कमी किंवा बंद करावं लागतं. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा रक्ततपासणीतला आकडा, ३० च्या खाली गेला की द्यायचंच नाही, ४५ च्या खाली डोस कमी. म्हणून वर्षातून निदान एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (लघवीतून जाणारं प्रोटीन) तपासून घ्या, दोन्ही, नुसतं क्रिएटिनिन नको कारण ते उशिरा वाढतं. त्याच यूकेपीडीएसच्या आकड्यांत एचबीएवनसी १ टक्क्याने कमी असलेल्यांत डोळे-किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास ३७ टक्क्यांनी कमी दिसले. सासूबाईंना हा आकडा सांगा.

भाताचं म्हणाल तर कमी करू द्यात, चांगलंच आहे, पण गोळ्यांच्या बदल्यात नको. आणि भात सोडला म्हणून रात्री तीन पोयी आणि बटाट्याची भाजी असं नको, पोयीत कोंडा असला तरी ती पिठाचीच आहे. थोडा उकड्या तांदळाचा भात, हुमणातलं नारळाचं प्रमाण जरा कमी, मासळी तळून खाण्यापेक्षा आमटीत, आणि अर्धं ताट भाजी, एवढं झालं तरी पुरे. तीन महिन्यांनी परत एचबीएवनसी करा. तेव्हा ७ च्या आसपास आली आणि वजन पण उतरलं तर डॉक्टर स्वतःच एखादी गोळी काढतील.

प्रश्न (साखळी): वय ६१, काजूची बागायत आहे. शुगर दहा वर्षं. गेल्या वर्षी हार्टचा त्रास झाला तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी पण औषधं दिली. हल्ली अकरा वाजता बागायतीत असताना दरदरून घाम येतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. दोन चमचे साखर खाल्ली तरी बराच वेळ बरं वाटत नाही. दोन्ही डॉक्टरांच्या स्ट्रिपचे फोटो पाठवलेत.

उत्तर: काका, फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. मी ते मोठे करून वाचले. पहिल्या स्ट्रिपवर पुढे मोठ्या अक्षरात ब्रँडचं नाव आणि मागे बारीक अक्षरात लिहिलंय ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ, मेटफॉर्मिन ५००, वोग्लिबोज ०.२. म्हणजे एका गोळीत तीन औषधं. दुसऱ्या स्ट्रिपचं ब्रँड वेगळं, रंग वेगळा, कंपनी वेगळी, पण मागे काय, तर ग्लिमेपिराइड १ आणि मेटफॉर्मिन ५००. तुम्ही सकाळी दोन्ही घेताय म्हणजे ग्लिमेपिराइड ३ मिग्रॅ एकदम पोटात जातंय आणि दोन्ही डॉक्टरांपैकी एकालाही ते माहीत नाही. तुमची शुगर खाली जातेय काका, अकरा वाजताचा घाम ऊन्हाचा नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही पत्रात अशीच जाता जाता लिहिलीय, की सकाळी सात वाजता चहाबरोबर गोळी घेऊन निघतो आणि पेज दहा-साडेदहाला. ग्लिमेपिराइड घेऊन साडेतीन तास नुसत्या चहावर डोंगर चढायचा नाही. ही गोळी पहिल्या पोटभर खाण्याच्या जरा आधी किंवा त्याच्यासोबत, चहाबरोबर नाही.

आणि साखर खाऊन का बरं वाटत नाही त्याचं कारण वोग्लिबोज. आपली घरची साखर पोटात गेल्यावर फोडावी लागते तेव्हा ती रक्तात जाते आणि वोग्लिबोज नेमकं ते फोडणंच अडवतं. म्हणून या गोळीवर असलेल्यांनी फार्मसीत मिळते ती ग्लुकोज पावडर जवळ ठेवायची, तीन-चार चमचे पाण्यात घालून प्यायचं, पंधरा मिनिटांनी मीटरवर तपासायचं, अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच, आणि मग काहीतरी खायचं. साखर किंवा बिस्किटावर या औषधात विसंबू नका. पाकीट बागायतीतल्या खोपीत नको, खिशात ठेवा, आणि बरोबर काम करणाऱ्या माणसालाही सांगून ठेवा. हार्टच्या औषधांत बीटा ब्लॉकर आहे, त्याने धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो, म्हणून घाम आला की थांबायचं आणि तपासायचं.

हे वाचल्या वाचल्या दोन्ही स्ट्रिप घेऊन तुमच्या शुगरच्या डॉक्टरांकडे जा, आणि तोपर्यंत दोन्ही गोळ्या एकत्र घ्यायच्या नाहीत, आज फोन करून विचारा कुठली ठेवायची. बाकी वाचकांनाही सांगते, स्ट्रिपचं मागचं बारीक अक्षर वाचा, चष्मा लावून वाचा, नातवंडांकडून वाचून घ्या. नावापुढे एम असला की बहुतेक वेळा आत मेटफॉर्मिन असतं, पण अक्षरांवर जाऊ नका, औषधाचं नावच वाचा. दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या वाईट नसतात, एकच गोळी घ्यायची म्हणून माणूस विसरत नाही. पण आपल्या देशात अशा गोळ्यांचा सुळसुळाट इतका झाला की सरकारने २०१६ मध्ये ३४४ आणि २०१८ मध्ये ३२८ अशा जोडगोळ्यांवर बंदी आणली, त्यात शुगरच्या पण काही होत्या. आणि तीन औषधं एकाच गोळीत बांधलेली असली की त्यातलं एकच कमी करायचं झालं तर करता येत नाही, म्हणून डोस बसेपर्यंत मी स्वतः तरी सुट्या गोळ्याच देते.

प्रश्न (म्हापसा): वय ४८. मेटफॉर्मिनसोबत डापाग्लिफ्लोझिन सुरू केल्यावर लघवीत साखर चार प्लस आली. लॅबमधला मुलगा म्हणाला शुगर खूप वाढलीय. खाजही सुटलीय. आणि हरतालिकेचा निर्जळी उपास मी लग्नापासून करते, तो यंदा करू का?

उत्तर: ताई, चार प्लस येणारच, ते औषध चालू असल्याचीच खूण आहे. आपल्या किडनीतून रोज साधारण १८० ग्रॅम साखर गाळली जाते आणि जवळपास सगळी परत आत घेतली जाते. ही गोळी ते परत घेणं थोडं थांबवते आणि रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम साखर लघवीतून निघून जाते. त्यामुळे या गोळीवर असताना लघवीतली साखर बघून काही ठरवायचंच नसतं, रक्तातली बघायची. लॅबला जाताना सांगा हे औषध चालू आहे म्हणून.

खाज मात्र अंगावर काढू नका आणि लाजू पण नका. लघवीत साखर म्हणजे बुरशीला खाऊ, त्यामुळे बायकांना हा त्रास बऱ्यापैकी होतो, पुरुषांनाही होतो. मलमाने किंवा एका गोळीने जातो. लघवीनंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडं करायचं, पाणी भरपूर प्यायचं. परत परत होऊ लागला तर औषध बदलता येतं. पण पहिल्याच खाजेला गोळी फेकून देऊ नका कारण हे औषध नुसतं शुगरचं राहिलेलं नाही. २०१५ मध्ये याच्याच भावंडावर, म्हणजे एम्पाग्लिफ्लोझिनवर, अभ्यास आला त्यात हार्टचा आजार असलेल्या डायबिटीसच्या पेशंटांत हार्टने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले, आम्हाला कुणालाच एवढी अपेक्षा नव्हती. त्यानंतर हार्ट फेल्युअर आणि किडनीसाठीही ही औषधं वापरू लागलो. ज्यांना हार्टचा किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना हे औषध आपल्याला बसतं का असं स्वतःहून विचारायला काही हरकत नाही. आणि परवडायचं म्हणाल तर डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये संपलं, आता पुष्कळ कंपन्या बनवतात आणि किमती खूप उतरल्यात, जुनी महाग स्ट्रिप चालू असेल तर स्वस्तातली विचारा.

उपासाचं स्पष्ट सांगते, निर्जळी करू नका. या गोळीवर असताना पोटात अन्न नाही, पाणी नाही असं झालं तर अंगात किटोन, म्हणजे चरबी जळून तयार होणारी आम्लं, वाढून रक्त आंबट होतं, आणि घात असा की शुगर २०० च्या आतबाहेर असल्याने ना पेशंटला शंका येते ना घरच्यांना. मळमळ, उलटी, पोटात दुखणं, दम लागणं असं काही झालं तर तडक हॉस्पिटल, आणि तिथे गेल्या गेल्या या गोळीचं नाव सांगायचं. ताप, उलट्या-जुलाब झाले आणि जेवण जात नसेल तर ही गोळी थांबवायची. ऑपरेशन ठरलं तर निदान तीन दिवस आधी बंद. दाढ काढताना पण डेंटिस्टला सांगा. हरतालिकेला गौरीची पूजा करा, फळं-दूध-पाणी घ्या, आणि गोळ्यांचं काय करायचं ते आधीच्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून ठेवा. देवीला तुमचा जीव हवाय असं मला वाटत नाही.

प्रश्न (मडगाव): आईचं वय ७८, एकटीच राहते. ग्लिबेनक्लामाइड आणि मेटफॉर्मिनची जोडगोळी चालू. एचबीएवनसी ७.४. मला ती ६.५ च्या खाली हवीय. अजून एक गोळी वाढवू का? गेल्या महिन्यात ती पहाटे बाथरूमला जाताना पडली.

उत्तर: भाऊ, वाढवू नका, कमी करा. ७८ वर्षांच्या एकट्या बाईसाठी ७.४ हा आकडा चांगला आहे, ८ च्या आत राहिली तरी चालतं. सगळ्यांचं टार्गेट एक नसतं. अमेरिकेत अकॉर्ड नावाचा अभ्यास झाला त्यात हार्टचा धोका असलेल्या लोकांची एचबीएवनसी जोर लावून ६ च्या खाली न्यायचा प्रयत्न केला, तर त्याच गटात मृत्यू जास्त होऊ लागले म्हणून २००८ मध्ये ते थांबवावं लागलं.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पहाटे पडल्या, ती शुगर खाली गेल्याने असू शकतं. ग्लिबेनक्लामाइड अंगात खूप वेळ राहतं आणि म्हातारपणी किडनी हळू चालते म्हणून अजूनच जास्त. वयस्कर माणसांना हे औषध आता टाळतातच. डॉक्टरांना विचारून त्या जागी लिनाग्लिप्टिनसारखं काही घेता येईल, त्याने एकट्याने शुगर खाली जात नाही आणि किडनीप्रमाणे डोस बदलावा लागत नाही. दोन-तीन रात्री पहाटे तीनला उठून मीटरवर तपासा, कुणाला तरी सोबतीला ठेवून. आणि रात्री आई नीट जेवते का ते बघा, एकटी माणसं बहुतेक वेळा चहा-टोस्टवर निभावतात आणि गोळी मात्र न चुकता घेतात.

प्रश्न (काणकोण): तीन गोळ्या चालू असून एचबीएवनसी १०.४. वजन सहा किलो उतरलं. डॉक्टर रात्रीचं इन्सुलिन सुरू करा म्हणतात. एकदा सुरू झालं की जन्मभर सुटत नाही ना? नवीन वजन उतरवायचं इंजेक्शन चालणार नाही का?

उत्तर: तुम्ही न प्रयत्न करता वजन उतरलंय, तहान-लघवी वाढलेली असणार, याचा अर्थ अंगातलं इन्सुलिनच कमी पडलंय. अशावेळी चौथी गोळी शोधत बसू नये. रात्रीचं लांब चालणारं इन्सुलिन साधारण १० युनिटपासून सुरू करतात आणि सकाळची फास्टिंग बघून दर तीन-चार दिवसांनी दोन युनिट असं वाढवत नेतात. मेटफॉर्मिन चालूच राहतं, ग्लिमेपिराइड असेल तर ते बहुतेक कमी करतात नाहीतर पहाटे शुगर पडेल. सुटत नाही हे खरं नाही, काहींची शुगर ताळ्यावर आली की स्वादुपिंडाला जरा उसंत मिळते आणि इन्सुलिन कमी किंवा बंद होतं. काहींना ते कायम लागतं, आणि लागलं तर लागलं, त्यात आजार शेवटाला आला असं काही नसतं.

वजन उतरवणारी जी इंजेक्शनं आहेत, सेमाग्लुटाइड वगैरे, ती चांगली आहेत पण ज्याचं वजन आधीच असं उतरतंय त्याला आधी इन्सुलिन. पुढे कधी ते सुरू केलं तर चालू असलेलं ग्लिप्टिन (सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन वगैरे) बंद करायचं, दोघं एकाच वाटेवरची औषधं आहेत, दोन्ही घेऊन फायदा नाही.

तुमच्याकडे वीज जाते असं लिहिलंय. वापरात असलेलं पेन बाहेर चार आठवडे राहतं, पण ३० डिग्रीच्या आत, आणि एप्रिल-मेमध्ये घर तेवढं थंड राहत नाही, तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात डबी ठेवा. न उघडलेली फ्रिजमध्ये, दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्याजवळ कधीच नको. बर्फ झालेलं इन्सुलिन परत वितळलं तरी टाकून द्यायचं. स्कूटरच्या डिकीत तर मुळीच ठेवू नका.

थोडक्यात

डिचोली, शौचात अख्खी गोळी दिसते, औषध लागू पडत नाही का? पडतं. एसआर किंवा एक्सआर लिहिलेल्या मेटफॉर्मिनचं औषध हळूहळू झिरपून जातं आणि रिकामं कवच बाहेर पडतं. म्हणूनच ती गोळी चावायची किंवा कुटायची नाही.

वास्को, बारा वर्षं मेटफॉर्मिन, तळपायांची आग होते. शुगरने होऊ शकते, पण मेटफॉर्मिनने वर्षानुवर्षं बी१२ कमी होतं आणि त्यानेही अगदी अशीच आग होते, तुम्ही शाकाहारी असाल तर जास्तच. बी१२ तपासा, कमी निघालं तर भरून काढता येतं, मेटफॉर्मिन बंद करायची गरज नसते.

पेडणे, रात्री फेणी घेतली तर गोळी चुकवू का? गोळी चुकवून पिणं आणि पिऊन न जेवता झोपणं, दोन्ही वाईट. दारू लिव्हरला साखर सोडू देत नाही, त्यात ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल तर पहाटे किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा शुगर पडते, आणि घरच्यांना वाटतं अजून उतरली नाही. कधीतरी थोडी घेतलीच तर पोटभर जेवून, आणि उर्राकात गोड सोडा नको. रोजची असेल तर डॉक्टरांना खरं सांगा, मेटफॉर्मिनच्या दृष्टीनेही ते कळणं जरुरीचं असतं.

कुडचडे, कारल्याचा रस सुरू केलाय, एक गोळी सोडली तर? रस प्या, गोळी सोडू नका. उलट रस घेताय हे डॉक्टरांना सांगा, शुगर खाली जाऊ शकते.

केपे, तीन गोळ्यांवर एचबीएवनसी ६.३ आलीय, आता सगळ्या बंद करू? अभिनंदन, पण ६.३ आलीय ती गोळ्या घेऊन आलीय. सगळ्या एकदम बंद केल्यात तर बहुतेकांची काही आठवड्यांत परत चढते. आधी मधेच घाम, थरथर, भुकेने जीव कासावीस असं होतं का ते बघा आणि डॉक्टरांना सांगा. कमी करायचीच झाली तर पहिली ग्लिमेपिराइड कमी होते, मेटफॉर्मिन सगळ्यात शेवटी, आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी हार्ट-किडनीसाठी दिलेली असेल तर ती शुगर नॉर्मल आली तरी ठेवतात. एक गोळी कमी केल्यावर महिनाभर सकाळची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर आठवड्यातून दोनदा वहीत लिहून ठेवा, आणि तीन महिन्यांनी परत एचबीएवनसी करून ती वही सोबत न्या.